पी. पी. मगदूम यांची दाढ

"चालतंय का, आक्का?"

"चालतंय की."

पट्टा तिसऱ्या टप्प्यावर गेला होता. म्हणजे वेगही वाढला होता आणि चढही. बाई पुढची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून, घाटात गाडीमागे चालणाऱ्या माणसासारख्या नेटाने चालत होत्या. साडी मीच वर खोचून दिली होती. वर दवाखान्याचा हिरवा झगा, त्यातून निघालेल्या वायरी, आणि पायांत आमच्याकडचे कॅनव्हासचे बूट, तेही दोन नंबर मोठे.

"दांडी सैल धरा. भार टाकू नका तिच्यावर."

"टाकत न्हाई. नुसती धरलीया," असं म्हणून त्यांनी ती आणखी घट्ट धरली.

"दम लागला तर सांगा हं. लगेच थांबवते."

"दम कशाचा? आमच्यात पाणी खालच्या नळाला येतंय. दोन घागरी घेऊन माडीवर चढायचं म्हंजे ह्याच्यापरीस जास्त चढ हाय."

"छातीत काही होतंय?"

"छातीत काय न्हाई." चार पावलं चालून त्या म्हणाल्या, "ही दाढ तेवढी ओढाय लागलीया. डावीकडली."

"दाढ?"

"चालाय लागलं की ठणकती. किडली असंल."

मी पडद्याकडे पाहिलं. हृदयाच्या ठोक्यांची रेघ खाली बसायला लागली होती, आणि ठोक्यागणिक आणखी बसत होती. मी बटण दाबून पट्टा थांबवला, बाईंना धरून पलंगावर झोपवलं आणि शेजारच्या इमारतीत आयसीयूत असलेल्या डॉ. साठ्यांना इंटरकॉम लावला.

"सर, एका पेशंटची रेघ खाली गेलीय. छातीत दुखत नाही म्हणतात."

"पुरुष की बाई?"

"बाई."

"मग झोपवून ठेव पाच मिनिटं. येईल वर. कागद ठेव टेबलावर, बघतो."

रेघ पाच मिनिटांत खरंच वर आली. दाढही थांबली. फॉर्मवर 'छातीत दुखणे' या ओळीपुढे होय आणि नाही असे दोनच चौकोन होते. मी 'नाही' वर खूण केली. दाढेसाठी चौकोन नव्हता, तेव्हा समासात पेन्सिलीने 'दाढ?' एवढं लिहिलं आणि कागद गठ्ठ्यात घातला.

ही गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची, मिरजेतली. मिरजेत दर दोन घरांमागे एक दवाखाना असतो असं बाहेरचे लोक म्हणतात. आम्ही मिरजेचे लोक ते खोडून काढत नाही. तशाच एका मध्यम दवाखान्यात मी टीएमटीची टेक्निशियन होते. पेशंटला यंत्राच्या पट्ट्यावर चालवायचं आणि चालताना त्याचं हृदय काय म्हणतं ते कागदावर उतरवायचं, हे माझं काम. माझं नाव सुवार्ता भोरे, पण सगळे सिस्टर म्हणायचे. मी नर्स नाही हे पहिलं वर्षभर सांगितलं, मग सोडून दिलं.

डॉ. साठ्ये हुशार होते आणि मनाने वाईट नव्हते. मला शिकवलं त्यांनीच. त्यातला एक धडा असा होता की बायकांच्या पट्ट्याच्या चाचणीवर फार विसंबायचं नाही, त्यातल्या बऱ्याच खोट्या निघतात. बायका घाबरतात, साडीत चालतात, दांडीला लोंबकळतात, आणि रेघ उगाचच खाली जाते. हे ऐकून ऐकून माझं इतकं अंगवळणी पडलं होतं की पुरुषाची रेघ खाली गेली तर मी धावत जायची आणि बाईची गेली तर इंटरकॉम लावायची.

त्या दिवशी जवळच्या एका गावच्या ज्येष्ठ नागरिक संघाची चाळीस माणसं तपासणीला आली होती. 'जोडीने या' अशी योजना होती. तपासायचं होतं नवऱ्यांना. बायका जोडीत बसतात म्हणून आल्या होत्या.

आता माझी चूक सांगते. टेबलावर मगदूमांच्या दोन फाइली होत्या. वरची उघडली. पी. पी. मगदूम, वय चौसष्ट, पुरुष. तेवढं संगणकात टाकलं आणि हाक मारली. आण्णा मगदूम आत आले ते गालात तंबाखू घेऊनच.

"चूळ भरून या आधी," मी म्हटलं.

ते गेले. नळावर त्यांना जुना ओळखीचा कुणी भेटला, आणि गप्पांमध्ये पट्टा राहिला बाजूला. बाहेर तीसपस्तीस माणसं खोळंबली होती. बाकावर आण्णांची बायको गुमान बसली होती, तिला म्हटलं, तुम्ही चला. तिची फाइल हातात घेतली, नाव वाचलं, पी. पी. मगदूम. पडद्यावर पाहिलं, पी. पी. मगदूम. जुळलं. मी पडताळून पाहिलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

आण्णांचं नाव पद्माकर पायगोंडा मगदूम. बाई माहेरच्या अनंतमती. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात, तेव्हा नवरा पद्माकर म्हणून सासरच्यांनी हौसेने पद्मावती लिहिलं. पद्मावती पद्माकर मगदूम. जोडी शोभली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. या दोघांना कधीकाळी एकाच दिवशी ट्रेडमिलवर चढायचंय, हा विचार कोण करणार?

आण्णा मागून आले. संगणकात एक मगदूम झालेला होता, म्हणून घाईत दुसऱ्या, म्हणजे बाईंच्या फाइलीतलं वय आणि 'स्त्री' मी न बघताच टाकलं आणि ते त्यावर चालले. ते साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चौतीस वर्षं कारकून होते. सगळी वर्षं त्यांनी मला पट्ट्यावर ऐकवली. दहा मिनिटं चालले, रेघ जराही खाली बसली नाही. थांबवलं तेव्हाही तोंड चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जोडप्यांना निकाल सांगितले. मी पट्ट्यावर होते. केबिनच्या दारातल्या बापू कंपाउंडरने मला नंतर सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पी. पी. मगदूम, पुरुष, हा कागद उचलला आणि खुर्चीत ताठ झाले.

"मगदूम, हे गंभीर आहे. मुख्य नळीतच अडथळा दिसतोय. इतका स्पष्ट ग्राफ, चुकायला जागाच नाही." मग समासातला माझा शब्द त्यांच्या नजरेस पडला. "चालताना जबड्यात ओढल्यासारखं होतं ना?"

आण्णांनी क्षणभर विचार केला. एवढा मोठा डॉक्टर विचारतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? म्हणाले, "होतंय की. लई ओढतंय."

"बघा! अगदी पुस्तकातलं लक्षण." डॉक्टर बाईंकडे वळले. "तुमचं उत्तम आहे, काकू. आता ह्यांची काळजी घ्या."

अँजिओग्राफी करणारे डॉक्टर पंधरवड्यातून एकदा पुण्याहून यायचे. तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली.

ते बारा दिवस मगदूमांच्या घरात आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा कारभार चालला. आण्णांना माडीवर चढायची बंदी झाली, म्हणून त्यांचा पलंग खाली आला. तो खाली आणला बाईंनी आणि पुतण्याने. आण्णांचं मीठ बंद झालं, म्हणून बाई दोन वेगळ्या भाज्या करू लागल्या. आण्णांनी काहीही उचलायचं नव्हतं, पाण्याचा तांब्यासुद्धा. घागरी कोण चढवणार हा प्रश्न कुणाला पडला नाही. ज्या चढवत होत्या त्याच चढवत राहिल्या. गावातली माणसं शहाळी घेऊन भेटायला येत, आणि आण्णा उशीला टेकून मुख्य नळी कशी असते ते त्यांना समजावून सांगत.

बाराव्या दिवशी सकाळी मी वॉर्डात त्यांचा ईसीजी काढायला गेले. आण्णा हिरव्या झग्यात नवरदेवासारखे बसले होते. भोवती संघाचे चार सभासद. बाई पलंगाच्या पायथ्याशी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना ओळखलं, पण बारा दिवसांत माझ्या पट्ट्यावरून दीडदोनशे माणसं गेली होती. चेहरा आठवला, रेघ आठवली नाही.

वॉर्डातली नर्स आली. "आजोबा, चष्मा, अंगठी, कवळी, सगळं काढून ठेवायचं."

"कवळी कशाला? मांडीतनं नळी घालणार ना तुम्ही?"

"नियम आहे."

चार सभासदांच्या देखत आण्णांनी भिंतीकडे तोंड करून कवळी काढली. बाईंनी स्टीलची वाटी पुढे केली. वाटीत ती पडल्याचा आवाज झाला आणि सभासद खिडकीबाहेर पाहू लागले. मी ईसीजी काढला. बाई उठल्या, वाटी घेऊन सरळ माझ्यापाशी आल्या.

"सिस्टर, ही धरा."

"आक्का, कपाटात ठेवा ना ती."

"धरा तर खरं. नीट बघा. वरची बी हाय, खालची बी हाय. बारा वर्सं झाली, ह्यांच्या तोंडात एक दात न्हाई का एक दाढ न्हाई."

मला वाटलं, बाई घाबरल्यात, म्हणून काहीतरी बोलतायत. मी वाटी धरली आणि दुसऱ्या हाताने ईसीजी ठेवायला फाइल उघडली. वरच पट्ट्याचा कागद होता. समासात माझ्या अक्षरात, पेन्सिलीने, 'दाढ?'

मोठे बूट, खोचलेली साडी, दोन घागरी, सगळं एकदम आठवलं. मी बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"आक्का," मी हळूच विचारलं, "त्या दिवशी पट्ट्यावर दाढ कुणाची दुखत होती?"

"आता मी अडाणी बाई काय सांगू? लिवलंय तुम्हीच न्हवं?"

मी फाइल आणि वाटी घेऊन डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरले. वाटी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय आहे?"

"पी. पी. मगदूम यांचे दात, सर."

"इथं कशाला आणलेस?"

"सर, समासात मी दाढ लिहिलंय. मगदूमांना दाढच नाही. हा कागद त्यांचा नाही, त्यांच्या मिसेसचा आहे. दोघांच्या नावांची आद्याक्षरं एकच. माझ्याकडून अदलाबदल झाली."

त्यानंतरची पाच मिनिटं डॉक्टर जे बोलले ते रास्तच होतं. एका धडधाकट माणसाच्या मांडीतून हृदयापर्यंत नळी घालायला आम्ही निघालो होतो, आणि ते माझ्यामुळे. मी मान खाली घालून ऐकलं. नोकरी गेली हे गृहीत धरलं होतं. घरी आईला काय सांगायचं त्याची जुळवाजुळवही मनात सुरू झाली होती. मग डॉक्टरांनी कागद पुन्हा उचलला, रेघ पाहिली, आणि मी पाहत असतानाच त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"म्हणजे हा बाईंचा ग्राफ."

"हो सर."

"मग एवढं काही नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "बायकांच्यात येतं असं. घाबरल्या असतील. दांडी धरली होती का?"

"धरली होती."

"मग झालंच. महिन्याभराने परत चालवून बघू. आजोबांना घरी पाठव. त्यांना मी सांगतो काहीतरी."

मला आधी सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. नोकरी वाचत होती. पण त्या बाईंनी वाटी माझ्या हातात दिली होती, आणि देताना माझ्याकडे पाहिलं होतं.

"सर, ग्राफ तोच आहे."

"ग्राफ तोच असला तरी माणूस बदललं ना?"

"तुम्ही म्हणाला होतात, मुख्य नळी. चुकायला जागाच नाही. पुण्याचे डॉक्टर आज दुपारपर्यंतच आहेत, सर. नंतर पंधरा दिवस नाहीत. आणि बाई रोज घागरी चढवतात."

"सुवार्ता, तू मला हृदयरोग शिकवणार का आता?"

दारात कुणीतरी खाकरलं. आण्णा मगदूम उभे होते, झग्यात, अनवाणी. कवळीवाचून सभासदांशी बोलता येईना, म्हणून ती शोधत आले होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी टेबलावरची वाटी घेतली, आमच्याकडे पाठ केली, वरची बसवली, खालची बसवली आणि वळले.

"कागद माझा न्हवं?"

"नाही, आण्णा," मी म्हटलं. "माझी चूक झाली. तो आक्कांचा आहे."

"मग माझं काय?"

"तुम्ही ठणठणीत आहात," डॉक्टर म्हणाले.

"ठणठणीत," आण्णा म्हणाले. एखाद्याने घरातली वस्तू उचलून न्यावी तसा त्यांचा चेहरा झाला. खुर्चीत बसले. मुख्य नळी गेली, पलंग गेला, शहाळी गेली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्या माणसाला निरोगी असल्याचं दुःख झालं होतं. मग त्यांनी हात लांब करून तो कागद जवळ ओढला आणि बराच वेळ पाहिला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं.

"डॉक्टर, बारा दिसांमागं ह्याच रेघंवर बोट ठेवून तुम्ही काय म्हणालासा?"

"मगदूम, वैद्यकीय गोष्टी असतात. बायकांच्या बाबतीत—"

"मला वैद्यकातलं कळत न्हाई. काट्यातलं कळतंय. चौतीस वर्सं बसलो. तुम्हाला एक सांगतो, बाहेर बोलू नका. काटा वाचायच्या आधी गाडी कुणाची ते बघायचं, ही आमच्यातली रीत. डायरेक्टरची गाडी आली की काटा जड बोलायचा. कुणा गरिबाची आली की हलका. काटा तोच. म्या बी वाचलाय तसा." त्यांनी कागद डॉक्टरांपुढे सरकवला. "उसाचं काय, तो चरकात जातोय, त्याला कळत न्हाई. ही माझी बायको हाय."

बाहेर स्ट्रेचरचं चाक करकरत गेलं. मग डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि रेघ पहिल्यापासून वाचायला घेतली, जशी पुरुषाची वाचतात तशी. शेवटी मला म्हणाले, "पुण्याच्या डॉक्टरांना सांग, पेशंट तयार आहे."

त्यांनी पेन घेतलं. फाइलवर चौसष्टचं एकोणसाठ केलं, पुरुषचं स्त्री केलं. नावाला हात लावावा लागला नाही.

बाईंना आम्ही सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, "मला? आत्ता? आधी ह्यांचं आटपू द्या की."

"माझं आटपलं," आण्णा म्हणाले, आणि सभासदांकडे न बघता झग्याच्या नाड्या सोडायला लागले.

दीड तासाने पुण्याचे डॉक्टर बाहेर आले. मुख्य नळीचं तोंड जवळजवळ मिटलं होतं. त्यांनी डॉ. साठ्यांना विचारलं, "ही बाई इथवर चालत आली?" साठ्ये म्हणाले, "हो." मी कोपऱ्यात जाऊन रडले. भीती होती, लाज होती, आणि बाई अजून जिवंत आहेत याचा आनंदही होता. त्याच आठवड्यात पुण्याला बायपास झाली आणि सुखरूप झाली.

माझी नोकरी टिकली. मला काढायचं तर का काढलं ते सांगावं लागलं असतं. पुढे डॉ. साठ्ये दुसऱ्या डॉक्टरांना ही केस मोठ्या रंगात सांगायचे. "बाईमाणूस, छातीत दुखत नाही, पण मी ग्राफ बघितला आणि म्हटलं, चुकायला जागाच नाही." ते खोटं बोलत नव्हते. ते तसं म्हणाले होतेच.

चार महिन्यांनी बाई तपासणीला आल्या. अंगाने निम्म्या झाल्या होत्या, पण चेहऱ्यावर तजेला होता. आण्णा बाहेर बापूला काट्याच्या गोष्टी सांगत होते. खोलीत आम्ही दोघीच होतो. चार महिने मनात घोळत असलेलं मी विचारून टाकलं.

"आक्का, तुम्हाला आधीच कळलं होतं ना? कागद तुमचा आहे ते?"

त्या जरा हसल्या. "डॉक्टर जबडा म्हणाले आन् हे दुखतोय म्हणाले, तवाच मनात पाल चुकचुकली. मग चौथ्या दिशी, छातीत कळ आली तर घ्या म्हणून डॉक्टरनी ह्यांना दिलेली ती जिभंखालची गोळी मीच खाल्ली. माझ्याच कनवटीला असायची. दोन मिन्टांत दाढ थांबली. म्हटलं, पद्मावती, ही काय दाढ न्हवं."

"चौथ्या दिवशी?" मी मोजलं. "म्हणजे आठ दिवस गप्प बसलात? आक्का, जीव गेला असता तुमचा! का?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर आण्णांचा आवाज चालूच होता.

"डॉक्टरनी ह्यांना सांगितलं हुतं, सकाळी सपाटीनं हळूहळू चाला, एकटं जाऊ नका, सोबत माणूस घ्या. रोज उजाडलं की आम्ही कालव्यापतुर जायचो. एकोणचाळीस वर्सं झाली सिस्टर लग्नाला, कुठं बी जायचं तर हे धा पावलं पुढं आन् मी मागनं. मागं वळून सुदीक बघायचे न्हाईत. ते बारा दिस भ्यालते. माझा हात धरून चालायचे. ल्हानपणचं काय काय सांगायचे, त्यांच्या आईचं, पुरात म्हस वाहून गेली त्याचं. मला ठावंच न्हवतं त्यातलं काय. दाढ लई ओढाय लागली की मी चपलेचा पट्टा नीट कराय बसायची, आन् हे थांबायचे. माझ्यासाठी थांबायचे. कागद माझा हाय म्हटलं असतं, तर मला घरात निजवलं असतं. आन् हे एकटेच गेले असते फिराय."

"मग त्या दिवशी वाटी का दिलीत माझ्या हातात?"

"ह्यांच्या मांडीत सुई घालाय निघाला हुतासा की. तेवढं मातुर बघवंना."

मी त्यांच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आणि आता? जाता की नाही दोघं कालव्यापर्यंत?"

"जातो की रोज. मला चालायचं सांगितलंय न्हवं."

"हात धरतात का अजून?"

बाईंनी पदर सारखा केला.

"आता कशाला धरत्यात? आता ह्यांना कुठं काय झालंय?"